कमी पाण्याची फुलझाडे



संघटनेच्या माणसाला व्यासपीठावर बोलावले की तो किमान वेतन, बोनस आणि मोर्चा यांवर बोलणार, हे श्रोत्यांनी धरूनच ठेवलेले असते. चालकांनीही तसेच धरले होते. आम्ही विषय कळवला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. विषय आहे घराच्या अंगणात लावण्याजोगी, दुष्काळ सोसणारी फुलझाडे. तीस वर्षे हमाल, जिनिंगमधील मजूर आणि अंगणवाडीच्या सेविका यांच्या घरी आमचे जाणेयेणे आहे. वर्गणीच्या निमित्ताने जितकी अंगणे आम्ही पाहिली तितकी या तालुक्यात क्वचितच कोणी पाहिली असतील. शाळा आमची सातवीत सुटली. झाडांविषयी जे काही कळले ते या अंगणांत आणि वाचनालयाच्या कपाटांत कळले. सभागृहात वनस्पतिशास्त्राचे कोणी प्राध्यापक असतील तर त्यांनी थोडे सांभाळून घ्यावे.

एका उन्हाळ्यात अशाच एका दारात आम्ही एका मावशींना सहज म्हणालो की, अंगण इतके स्वच्छ ठेवता, एखादे फुलझाड का लावत नाही? त्यांनी कमरेवरचा हंडा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, पेवाले पानी नही शे, झाडेसले काय टाकू?"

प्रश्न बिनतोड होता. बागकामाची जी पुस्तके आम्ही चाळली, त्यांत या प्रश्नाचा विचारच केलेला नाही. ती पुस्तके ज्याच्या घरी नळाला बारा महिने पाणी आहे आणि पाणी घालायला माळी आहे, त्याच्यासाठी लिहिलेली आहेत. त्यात 'रोज सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी द्यावे' हे वाक्य असते. ते पाणी कोणी आणून द्यावे, हे लिहिलेले नसते.

आमच्या चळवळीत एक जुनी घोषणा आहे : भाकरी हवी आणि गुलाबही हवेत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कामगार स्त्रियांच्या चळवळीतून ती आली. जेम्स ओपनहाइम या कवीने 1911 साली त्याच नावाची कविता लिहिली. 1912 साली लॉरेन्स या गावी कापडगिरण्यांतील कामगारांचा मोठा संप झाला आणि पुढे तो संप व ही घोषणा यांची नावे एकत्रच घेतली जाऊ लागली. अर्थ सरळ आहे. कष्टकऱ्याला नुसते पोट नसते, डोळे आणि मनही असते. आम्हाला ही घोषणा फार आवडते. परंतु ती भडगावात आणायची तर तिच्यातला गुलाब बदलावा लागेल, असे आमचे स्पष्ट मत आहे. गुलाबाला उन्हाळ्यात नित्य पाणी लागते, आणि आपल्याकडे उन्हाळा हा अर्ध्या वर्षाचा पाहुणा आहे.

आपण गिरणाकाठचे लोक. वरच्या अंगाला नांदगाव तालुक्यात 1969 साली धरण पुरे झाले. उन्हाळ्यात आपल्या पात्रात पाणी दिसते ते आवर्तन सुटले म्हणजे, एरवी वाळू. जिल्ह्यात पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. अशा गावी हिरवळ लावणे म्हणजे काय, याचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळ जगवायला रोज पाच-सहा मिलिमीटर पाणी तरी हवेच. म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद एवढ्याशा हिरवळीला रोजचे सुमारे 50 लिटर पाणी लागते. जलजीवन मिशन 2019 साली सुरू झाले, त्यात खेड्यातील माणसाला दिवसाला 55 लिटर हे माप धरले आहे. दहा फुटांची हिरवळ ही घरात जेवायला बसणारी आणखी एक व्यक्ती आहे आणि ती काम काही करत नाही.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहा. पुढे सांगणार आहोत त्यांपैकी पाच झुडपे अंगणात लावली, तर पहिल्या वर्षी पाऊस संपल्यावर दर आठ दिवसांनी प्रत्येकी 15 लिटरची एक बादली पुरते. पाच झाडांचे मिळून रोजचे नऊ-दहा लिटर पडले. तिसऱ्या वर्षापासून ऐन उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एक बादली, म्हणजे रोजचे पाच लिटर. भांडी विसळलेले पाणी याहून जास्त निघते. मावशींच्या प्रश्नाला उत्तर आहे ते इथे.

पहिला मान कण्हेरीचा. कण्हेर आपल्या इतकी नित्याच्या ओळखीची की तिच्याकडे कोणी पाहतच नाही. महामार्गाच्या दुभाजकावर तिला लावतात, रेल्वेच्या स्टेशनात लावतात. वाहनांचा धूर, डांबराची धग आणि महिनामहिना पाणी नाही, तरी ती गुलाबी, पांढरी, तांबडी फुलत असते. हे तिला कसे जमते? तिचे पान उलटे करून चांगल्या भिंगाखाली धरा. खालच्या बाजूला बारीक फिकट ठिपके दिसतील. झाड ज्या छिद्रांतून श्वास घेते ती छिद्रे इतर झाडांत पानाच्या पृष्ठावर उघडी असतात. कण्हेरीत ती पानाच्या खालच्या अंगाला, खोल खळग्यांत दडलेली असतात, आणि त्या खळग्यांत वर बारीक लव असते. बाहेर लू वाहत असली तरी खळग्याच्या आत हवा स्थिर आणि दमट राहते, म्हणून पाणी उडून जात नाही. पानाच्या वरच्या अंगाला जाड मेणकट कातडे असते. खानदेशातील माणूस उन्हात निघताना डोक्याला उपरणे गुंडाळतो आणि नाकातोंडावरून त्याचे टोक घेतो. कण्हेरीने तेच केले आहे, फक्त आपल्या कितीतरी आधी.

तिची मूळची जागाही समजून घ्यावी. ती नदीनाल्यांच्या खडकाळ पात्रांत आपोआप वाढणारी आहे. पात्रात चार महिने पाणी आणि आठ महिने दगड, हा तिचा पिढीजात अनुभव. वरचे पाणी आटले की मुळे खाली जातात. थोडे खारे पाणीही तिला चालते. म्हणून आंघोळीच्या पाण्यावर ती खुशाल जगते. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी तोडून लावली की रुजते. बी नको, कलम नको, पैसा नको.

मात्र कण्हेर विषारी आहे. पान, फूल, खोड, मूळ, सारेच. त्या विषाचा परिणाम हृदयावर होतो. हिरवे पान कडू म्हणून जनावर सहसा तोंड लावत नाही. परंतु छाटलेल्या फांद्या वाळून चाऱ्यात मिसळल्या तर तीच गाय ते खाते आणि दगावते. तेव्हा गोठ्याच्या अंगाला कण्हेर लावू नये, छाटणी उकिरड्यावर टाकू नये, आणि चुलीत तर मुळीच घालू नये. तिचा धूरही वाईट. छाटणी खड्डा करून पुरावी, हात साबणाने धुवावेत. घरात रांगते मूल असेल तर दोन-तीन वर्षे थांबावे आणि तोवर दुसरे झाड लावावे. पिवळ्या फुलांची बिट्टी, जिला काही जण पिवळी कण्हेर म्हणतात, ती तर आम्ही कोणालाच सुचवत नाही. तिच्या फळांशी मुले खेळतात आणि तिची बी फार घातक आहे. चुकून काही पोटात गेलेच तर घरगुती उपाय करीत बसू नये. तडक सरकारी दवाखान्यात न्यावे आणि झाडाची डहाळी सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचतो. फुलांच्या व्याख्यानात हे कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु कारखान्यात यंत्राला जाळी का नाही म्हणून आम्ही आयुष्यभर भांडलो. दारातल्या झाडाबद्दल गप्प बसणे आम्हाला जमणार नाही.

दुसरे झाड तरवड. हे सांगताना आमचा आवाज थोडा चढतो, कारण तरवडावर फार अन्याय झाला आहे. माळावर, बांधावर, रुळांच्या कडेला हे झुडूप आपोआप उगवते, पिवळ्याजर्द फुलांनी भरते, आणि आपण त्याला रान म्हणतो. तेच झाड शेजारच्या तेलंगणाने आपले राज्यपुष्प ठरवले आहे. तिकडे बतुकम्माच्या सणात बायका ही फुले रचून त्यांची आरास करतात. एकाच दख्खनच्या पठारावरचे एकच झाड. तिकडे देवघरात, इकडे उकिरड्याच्या कडेला.

तरवडाशी कष्टकऱ्यांचे नाते जुने आहे. त्याच्या सालीत कातडे कमावण्याचा गुण आहे. मोट ओढण्याचे चामडे, वहाणा, पखाली यांसाठी कातडे कमावणारे कारागीर ही साल वापरीत. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॉटल नावाच्या झाडाची साल येऊ लागली, मग क्रोमची रसायने आली आणि तरवडाची साल मागे पडली. झाड मात्र जागच्या जागी फुलत राहिले. शेळ्यामेंढ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, हा ज्यांच्या अंगणाला कुंपण नाही त्यांच्यासाठी मोठाच लाभ. त्याच्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो, आणि तोही नळीत कोंडलेला. मोठा काळा भुंगा फुलाला धरून जोराने गुणगुणतो तेव्हा त्या थरथरीने पराग बाहेर उडतो. आवाज केल्यावाचून काही मिळत नाही, हे त्या भुंग्यालाही ठाऊक आहे. असो.

तरवड फांदीपेक्षा बियांवर लावावा. शेंगा वाळल्या की बी काढावे. कवच कठीण असते, म्हणून बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवावे किंवा खरखरीत दगडावर हलकेच घासावे. जिथे झाड हवे तिथेच पेरावे. त्याचे सोटमूळ लवकर खोल जाते आणि मग रोप उपटून दुसरीकडे लावले तर ते रुसते.

बोगनवेलीविषयी थोडक्यात. ती दक्षिण अमेरिकेची. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पाने होत. खरे फूल आत लहानसे, पांढरट असते. तिचे पाणी तोडले की ती फुलते आणि पाणी वाढवले की नुसती पाने वाढतात, म्हणून आळशी माणसाला तिच्यासारखी सोबतीण नाही. ऊन मात्र दिवसाला पाच-सहा तास हवे. तिच्या नावामागची गोष्ट आमच्या धंद्यातली आहे. बूगँव्हिल नावाचा फ्रेंच दर्यावर्दी जगप्रदक्षिणेला निघाला होता, त्या सफरीत 1767 साली रिओ दि जानेरोजवळ हे झाड टिपले गेले. सफरीचा वनस्पतिशास्त्रज्ञ कोमरसों. त्याच्याबरोबर पुरुषाचा वेष घेऊन एक स्त्री मदतनीस होती, झान बारे. डोंगर चढणे, झाडे गोळा करणे, ओझी वाहणे ही कामे तिने केली. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केलेली पहिली ज्ञात स्त्री ती. झाडाला नाव मात्र कप्तानाचे मिळाले. झाडाचा त्यात दोष नाही. आम्ही ते आनंदाने लावतो.

शंकासुर बियांवर सहज येतो, पहिल्याच वर्षी लाल-केशरी तुरे देतो आणि पावसाळाभर फुलपाखरे बोलावतो. कोरांटी काटेरी, कमरेएवढी, पिवळ्या फुलांची; कुंपणाला उत्तम. तिची वाळलेली बोंडे पाणी लागताच तडकतात आणि बी उडवतात, पहिल्या सरीला तो आवाज ऐकण्यासारखा असतो. सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरची औषधे निघाली आहेत, पण म्हणून तिची पाने कोणी चावू नयेत. सिमेंटच्या फटीतही ती उगवते. टणटणी मात्र लावू नका, फुले कितीही गोजिरी दिसोत. शोभेचे झाड म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली आणि आज देशभरातील जंगले तिने व्यापली आहेत. जनावरांनाही ती बाधते.

आता लावण्याची रीत. दुष्काळ सोसणारे झाड जन्मतः दुष्काळ सोसत नाही. त्याची मुळे खाली जाईपर्यंत त्याला सांभाळावे लागते, आणि ते एक वर्ष बहुतेकांच्या हातून निसटते. 'हे तर पाण्यावाचून जगते' असे ऐकून लोक जानेवारीत रोप आणतात, पाणी घालत नाहीत आणि मार्चमध्ये झाडाला दोष देतात. लावणी पहिला चांगला पाऊस झाल्यावरच करावी, म्हणजे चार महिने आभाळ आपल्या वतीने पाणी घालते. पाणी द्यायचे तेव्हा रोज तांब्याभर देऊ नये. रोज तांब्याभर दिले की मुळे वरच्या दोन बोटांतच घोटाळत राहतात आणि तो थर मे महिन्यात भाजून निघतो. आठ दिवसांनी एकदम बादलीभर द्यावे. पाणी खोल गेले की मुळेही त्याच्या मागे खोल जातात.

दुसरी अडचण आपली काळी माती. ती कापसाला चांगली, या झुडपांना अवघड. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते आणि मुळे सडतात. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्या भेगांत मुळे तुटतात आणि गरम वारा आतवर जातो. दुष्काळी झाडे आपल्याकडे पाण्यावाचून मरतात त्याहून अधिक चिखलात मरतात, असे आमचे निरीक्षण आहे. उपाय स्वस्त आहे. दोन फूट खड्डा घ्यावा, निघालेल्या मातीत निम्मा मुरूम व दोन घमेली कुजलेले शेणखत मिसळावे आणि झाड आजूबाजूच्या जमिनीहून चार बोटे उंचावर लावावे. पाऊस संपला की बुंध्याभोवती केळीची वाळकी पाने किंवा उसाचे पाचट पसरावे. खोडापासून मात्र वीतभर अंतर ठेवावे, नाहीतर वाळवी चढते.

ज्यांना आठवड्याची बादलीही जड आहे, त्यांनी कुंभाराकडून कच्च्या भाजणीचे मडके आणावे. झाडाशेजारी ते गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंडावर परळ झाकावा. झाकले नाही तर डास होतात. माती कोरडी होईल तसे मडके पाझरते, माती ओली असेल तर थांबते. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथात ही युक्ती नोंदलेली आहे. आपला जिल्हा केळीच्या ठिबक सिंचनासाठी देशभर ओळखला जातो. मडके हे ठिबकाचेच आजोबा, फक्त त्याला पंप लागत नाही आणि वीजबिल येत नाही. शिवाय पत्र्याचे पाणी आहे. दहा फूट बाय पंधरा फूट पत्र्यावर सातशे मिलिमीटर पावसात साडेनऊ हजार लिटरांहून अधिक पाणी पडते. ते गल्लीत सोडण्यापेक्षा पन्हळ लावून झाडांच्या आळ्यात वळवले, तर निदान जमिनीत ओल राहते.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय घेतला, तिच्याकडे येतो. हे पाच-दहा लिटर पाणी वाहायचे कोणी? हंडा डोक्यावर असतो तो बाईच्या. पुरुषाने हौसेने झाड लावावे, आल्यागेल्याला दाखवावे आणि पाणी मात्र बायकोने किंवा मुलीने घालावे, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. तिच्या कामाच्या तासांत त्या झाडाने भर घातली, मोबदल्यावाचून. असे असेल तर ते झाड नसलेले बरे. कारखान्यात आठ तासांच्या वर एक मिनिट काम घेतले तर आम्ही दारात घोषणा देतो. घरी जादा काम लादताना आमच्यातले कितीजण थांबतात? झाड जो लावील त्याने पाणी वाहावे, हा नियम आम्ही सभासदांना सांगतो. काहींना तो वेतनवाढीच्या मागणीपेक्षा अवघड वाटतो.

आणि जिथे अंगणच नाही तिथे काय करावे? त्यासाठी आपल्याच खानदेशाकडे पाहावे. धुळे-साक्रीकडे पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एक पीक घ्यायचे, आणि पाणी कमी असेल तर यंदा किती फड भिजवायचे हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे. पाटकरी, बारेकरी, जागल्या, हवालदार ही माणसे गावानेच नेमायची. तिथे पाण्याची मालकी कोणा एकाची नव्हती, पाळी मात्र प्रत्येकाची होती. एका वस्तीतील आमच्या सभासदांनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पडीक पट्ट्यावर याच रीतीने तरवड, शंकासुर आणि कोरांटी लावली आहे. आठ घरे, आठ दिवसांची पाळी. ज्याचा दिवस त्याने मडकी भरायची. पहिल्या वर्षी दोन घरांचे भांडण झाले, सभा घ्यावी लागली, पाळीचा कागद करून भिंतीला चिकटवावा लागला. आता तो कागद उन्हाने पिवळा पडला आहे आणि झाडे छातीएवढी आहेत. पोळ्याला तिथलीच फुले बैलांच्या माळेत जातात. त्या पट्ट्यात कण्हेर मुद्दाम घेतली नाही, कारण लेकरे तिथेच खेळतात.

ज्यांना बी हवे त्यांच्यासाठी तरवडाच्या आणि शंकासुराच्या वाळलेल्या शेंगा आम्ही पिशवीत आणल्या आहेत. सभा संपल्यावर दारापाशी मिळतील. एका घराला पाच बिया, म्हणजे सर्वांना पुरतील. कण्हेरीच्या फांद्या आता मागू नका, या उन्हात त्या रुजणार नाहीत. पाऊस पडल्यावर कोणत्याही कण्हेरीवाल्याकडून मागून घ्या. खड्डे मात्र याच महिन्यात खणून उघडे ठेवा. तळाची माती उन्हात चांगली भाजू द्या, म्हणजे हुमणीच्या अळ्या आणि वाळवी कमी होतात, आणि मृगाचा पाऊस झाल्याबरोबर मुरूम-शेणखत घालून ते भरता येतात.